नोंद उपलब्ध नाही

मुरबाडच्या त्या सभेत इंटरनेट लागलेलंच नव्हतं. ते लागलंय असं समोरच्या सगळ्यांना वाटलं, आणि तसं वाटावं याची तजवीज मीच केली होती. दोष तुटलेल्या केबलचा नव्हता, टेलिफोनवाल्यांचाही नव्हता. माझा होता. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे लिहिता लिहिता मी स्वतःची बाजू मांडायला लागेन. तशी मला सवय आहे.

मी मुरबाडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतले आम्ही ग्रंथपाल मंडळी दर काही महिन्यांनी एकत्र जमायला लागलो. शाळांचे, कॉलेजांचे, गावोगावच्या वाचनालयांचे. एक सभा शहापूरला, पुढची मुरबाडला. शहापूरची माणसं किन्हवली-सरळगाववरून एसटीने यायची आणि येताना अर्धी सभा गाडीतच उरकून यायची. सुरुवातीला विषय ओळखीचे असत. अनुदान, बांधणी, वाळवी, हरवलेली पुस्तकं. मग हळूहळू पत्रिकेवर ‘नवी तंत्रे’ असा एक विषय आला आणि बाकीचे विषय त्याच्यामागे गेले. कुणीतरी मुंबईहून सीडी आणायचं, ती हातोहात फिरायची, आणि तिच्यावर बोटाचे ठसे उमटू नयेत म्हणून सगळे ती पुरणपोळीसारखी दोन्ही तळव्यांवर धरायचे. एकदा बारकोड म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं, तर डोळखांबकडच्या एका वाचनालयाचे कार्यवाह म्हणाले, “या रेघा वाचायला यंत्र लागतं आन् पुस्तक वाचायला मानूस. आमच्याकडं दोनी नाय.”

हशा व्हायचा, पण आतून सगळे धास्तावलेले होते. संगणक आले की ग्रंथपालाची रिकामी जागा भरणार नाहीत अशी बोलवा होती. जो तो घरी जाताना एकच विचारायचा, “आपल्याला जमंल का हे?” आणि त्यांना ‘जमेल’ म्हणून सांगणारा मी होतो. कल्याणला जाऊन मी एक छोटा कोर्स केला होता. तेवढ्या भांडवलावर मी शहापूरच्या एका सभेत उठून म्हणालो, “पुढची सभा आमच्याकडे. मी तुम्हाला इंटरनेट चालू करून दाखवतो. इथे बसून जगातल्या ग्रंथालयात पुस्तक शोधायचं.” टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या जोरावर मी प्राचार्यांकडून ग्रंथालयात फोनची लाइन मिळवली. प्राचार्यांनी ते संस्थेच्या सचिवांच्या कानावर घातलं. आता माघार नव्हती, निदान मला तरी तसं वाटलं.

सभेच्या आधी लाइन मेली. लाइनमनला गाठलं तर तो सायकलवरून न उतरताच म्हणाला, “सर, सरळगावच्या फुडं केबल तोडलीय खोदकामवाल्यांनी. आता काय नाय होनार. सभेनंतर बघू.”

मी फक्त ‘लाइन बंद आहे’ एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. मुरबाडात फोन बंद असणं ही काही बातमी नव्हती. तो चालू असला की लोक एकमेकांना सांगायचे. कुणी हसलंही नसतं. पण प्राचार्य त्या दिवशी मुद्दाम येणार होते, आणि मी त्यांच्यासमोर हात हलवत उभा आहे हे चित्र काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. मी कल्याणला गेलो. तिथल्या सायबर कॅफेत बसून परदेशातल्या एका मोठ्या ग्रंथालयाची पानं उघडली, त्यात दोन-तीन पुस्तकं शोधली, आणि ती सगळी पानं फ्लॉपीवर उतरवून घेतली. कॉलेजच्या संगणकावर ती उघडली की हुबेहूब इंटरनेट चालू असल्यासारखी दिसत. मी स्वतःला समजावलं की हा नमुना आहे. नमुना दाखवणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. ‘हा नमुना आहे’ असं मी सभेत म्हटलं असतं तर ते खरंच होतं. पण सभेच्या सकाळी मी फोनची ती मेलेली तारही मोडेममध्ये खोचून ठेवली. नमुन्याला तार लागत नाही.

वाचनकक्षातल्या टेबलावर संगणक ठेवला होता. त्याचा पडदा लहान. पुढच्या चार जणांना दिसायचा, बाकीच्यांना माझी पाठ. मी बोलत गेलो, पानं उघडत गेलो. जे पुस्तक शोधायचं ते मीच सुचवायचो आणि तेच सापडायचं. प्राचार्य थोडा वेळ थांबले, मान डोलावली, “चालू द्या” म्हणून गेले. मी सुटलो असं मला वाटलं. अंगातला शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

तेवढ्यात शहापूरच्या बाई म्हणाल्या, “सर, आमचं एक शोधून द्या.”

या बाई शहापूरच्या एका हायस्कूलच्या ग्रंथपाल. माझ्याहून वयाने थोड्या मोठ्या, जिभेने बऱ्याच तिखट, आणि सभेला न चुकता येणाऱ्या. त्या दिवशी त्या वडिलांना घेऊन आल्या होत्या. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक; सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. त्यांना दम लागत होता म्हणून मी खुर्ची दिली होती. बाई त्यांच्या मागे उभ्या होत्या.

गुरुजींनी बसूनच सांगितलं. तरुणपणी त्यांची नेमणूक डोळखांबच्या बाजूला पाड्यांवरच्या शाळेत होती. आवणीच्या दिवसांत शाळेत पोरं नसायची, सगळी बायांबरोबर शेतात. मग गुरुजीही बांधावर जाऊन बसायचे आणि भात लावताना बाया जी गाणी म्हणायच्या ती उतरवून घ्यायचे. त्या गाण्यांचं एक छोटं पुस्तक कल्याणच्या एका छापखान्याने छापलं. प्रत्येक गाण्याखाली ते सांगणाऱ्या बाईचं नाव आणि तिचा पाडा.

“मी त्यांना कबूल केलं होतं,” गुरुजी म्हणाले. “तुमचं नाव छापीन म्हणून. आमच्याकडच्या बायांचं नाव कुठं छापून येतं? रेशनकार्डावर सुद्धा नवऱ्याचं.”

छापलेल्या प्रती थोड्याच होत्या. वाटल्या, उरलेल्या पेटीत होत्या त्या वाळवीने खाल्ल्या. छापखाना बंद पडला. आता घरात कुणालाच ते पुस्तक पाहिल्याचं आठवत नव्हतं. बाईंना लहानपणी पाहिल्यासारखं वाटायचं, पण त्यांच्या भावांचं म्हणणं असं की ती वही होती. बाबांच्या डोक्यात आता वय झाल्यावर वहीचं पुस्तक झालंय.

“भाऊ माझे चेष्टा करतात,” बाई म्हणाल्या. “म्हणून म्हटलं, यंत्रालाच विचारू. यंत्र काही आमच्या घरचं नाही.”

गुरुजींनी पुस्तकाचं नाव सांगितलं. मी ते टाइप केलं. दुसरं काय करणार होतो? बटण दाबलं आणि पडद्यावर, पान दाखवता येत नाही, जोडणी तपासा, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आला. मी खुर्ची थोडी सरकवून पडदा अंगाआड घेतला आणि तो मजकूर वाचल्यासारखा करत मराठीत म्हणालो, “नोंद उपलब्ध नाही.”

“मुंबईच्या लायब्ऱ्यांत?” बाईंनी विचारलं.

“त्यांच्याही नोंदी यात असतात.”

नसायच्या. मला ते ठाऊक होतं.

“यात नाही म्हणजे कुठंच नाही?”

“तसंच म्हणावं लागेल.”

डोळखांबचे कार्यवाह मागून म्हणाले, “गुरुजी, पान्यावर लिवलं असंल तुमी!” सगळे हसले. गुरुजीही हसले. “असेल बाबा,” म्हणाले. मग वडे आले, चहा आला. गुरुजींनी वडा खाल्ला नाही; कागदात बांधून पिशवीत ठेवला.

लाइन आठवडाभरात सुरू झाली. मी त्या पुस्तकाचा शोध घेतला नाही. लाइन आली, आता खरोखर बघू, असं एकदाही मनात आलं नाही असं नाही. पण खरोखर बघायचं म्हणजे आधी बघितलं नव्हतं हे मान्य करायचं, आणि ते मी एकट्याने बसूनही मान्य करायला तयार नव्हतो.

पुढची सभा शहापूरला झाली. बाईंनी मला भज्यांच्या टेबलाजवळ गाठलं.

“सर, तुमचे उपकार झाले,” त्या म्हणाल्या. “आम्ही बापलेक मुंबईला जाणार होतो. एकेक लायब्ररी पालथी घालायची असं ठरलं होतं. माझी रजासुद्धा मंजूर झाली होती. तुम्ही सांगितलंत म्हणून ती फुकटची खेप वाचली.”

“गुरुजी काय म्हणतात?”

“गप्प झालेत. परवा मलाच म्हणाले, छापलं नसेल गो. छपाईचे खिळे जुळवून नुसतं दाखवलं असेल मला, आणि मी ते छापलंय असं धरून बसलो असेन.” त्यांनी ताटलीतलं एक भजं उचललं. “भाऊ खूष आहेत. विषय मिटला म्हणतात.”

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. हातात कांदाभजी होती, आजूबाजूला कुणी नव्हतं, बाईंनी चार शिव्या दिल्या असत्या आणि पुढच्या आठवड्यात त्या मुंबईला गेल्या असत्या. मी म्हणालो, “वय झालं की होतं असं.”

मी मुरबाडला जे बोललो ते भीतीने बोललो. हे वाक्य मी शांतपणे बोललो. म्हणून तेच मला जास्त आठवतं.

त्यानंतरची वर्षं माझी चांगली गेली, हे लिहिताना लाज वाटते. दोन्ही तालुक्यांत मी ‘कम्प्युटरवाले सर’ झालो. ईमेल, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, स्कॅनर, जे नवं येईल ते दाखवायला मलाच बोलवायचे. भातसानगरच्या वसाहतीपासून वाशिंदच्या शाळांपर्यंत गेलो. पण प्रत्येक सभेत आधी बाई कुठे बसल्यात ते बघायचो. कार्यक्रमाआधी पुन्हा पुन्हा लाइन तपासायचो. लोकांना वाटायचं, सर फार काटेकोर आहेत. कुणी मागून “सर, एक शोधून द्या” म्हटलं की कानशिलं तापायची. बाईंनी गुरुजींचा विषय काढला नाही तर बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून परतीच्या गाडीत वाईट वाटायचं. घरी बायको म्हणायची, “सभेहून आलात की तुम्ही आजारी माणसासारखे दिसता.”

मग कॉलेजात ब्रॉडबँड आलं. दिवसभर चालू असलेलं, खरखर न करणारं. मुंबईतल्या ग्रंथालयांनी आपल्या नोंदी इंटरनेटवर चढवायला सुरुवात केली होती. एका दुपारी, परीक्षा चालू असल्यामुळे वाचनकक्ष रिकामा होता तेव्हा, मी त्या पुस्तकाचं नाव टाइप केलं. नाव मी विसरलो नव्हतो.

एकच ओळ आली. पुस्तकाचं नाव, गुरुजींचं नाव, कल्याण.

आनंद झाला नाही. मी पडदा बंद केला, बाहेर जाऊन पाणी प्यायलो, परत येऊन पुन्हा उघडला. ओळ तिथेच होती.

रविवारी ग्रंथालय बंद, म्हणून मधल्या वारी रजा टाकली आणि मुंबईला गेलो. ग्रंथपाल असल्याचं ओळखपत्र दाखवल्यावर त्यांनी पुस्तक हातात दिलं. हलकं, बोटाएवढंही जाड नाही. कव्हरचा हिरवा रंग विटलेला. गाण्याखाली खरोखर नाव होतं, पाडा होता. पुढच्या गाण्याखाली दुसरं नाव. मी त्या टेबलाशी बसून नुसती नावंच वाचत गेलो. बाईंनी रजा घेतली असती तर त्या पहिल्यांदा याच ग्रंथालयात आल्या असत्या. मराठी जुनी पुस्तकं म्हटली की आमच्याकडचा कुणीही पहिल्यांदा तिथेच जातो. गुरुजी याच खुर्चीवर बसले असते. परवानगी काढून मी सगळ्या पुस्तकाची झेरॉक्स करून घेतली.

परतताना माझ्या डोक्यात एक सोपी वाट तयार झाली. ‘तेव्हा ही नोंद नव्हती, आता आली आहे.’ कुणालाही पटेल असं होतं. कदाचित खरंही असेल. ती नोंद कधी चढवली हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या वाटेने गेलो.

शहापूरला बाईंच्या घरी गुरुजी कॉटवर भिंतीला टेकून बसले होते. मधल्या वर्षांत काचबिंदूने त्यांचे डोळे गेले होते. बाईंनी सांगितलेलं होतं, पण मी ते ऐकून बाजूला ठेवलं होतं. मी झेरॉक्सचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि काय आहे ते सांगितलं. ते पानांवर बोटं फिरवून म्हणाले, “कागद गुळगुळीत लागतोय. आमचा खरबरीत होता.”

“झेरॉक्स आहे, बाबा,” शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या.

“अक्षर बरं उमटलंय का? वाच गो.”

बाई पहिलं गाणं वाचायला लागल्या तसे ते म्हणाले, “गाणी राहू दे. नावं वाच.” बाई नावं वाचत गेल्या. मधेच गुरुजी हात वर करून थांबवायचे आणि पुढचं नाव स्वतःच सांगायचे. एक चुकलं, बाकी बरोबर. मग बाई आत जाऊन चहा टाकायला लागल्या आणि भांडी उगीचच जोरात वाजवायला लागल्या.

“म्हणजे मी खुळा नव्हतो,” गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडे तोंड करून, “सर, मग त्या वेळी यंत्राला कसं नाही सापडलं?”

“तेव्हा नव्हतं, गुरुजी. नोंदी आता चढवल्यात.”

“बरं, बरं. यंत्र बी शिकतं म्हणायचं.” त्यांनी गठ्ठा मांडीवर सरळ केला. “डोळे होते तेव्हा मिळतं तर एकदा बघितलं असतं. पण असू दे. तुमी आठवण ठेवलीत, सर. कोण ठेवतं?” आणि चाचपडत माझा हात धरला.

मी चहा कसा संपवला ते मला आठवत नाही.

बाईंनी पुढचं ठरवूनच टाकलं. शहापूरला सभा होती, विषय होता जुनी पुस्तकं स्कॅन करून जतन करणं. “तुम्ही यावरच बोला, सर. गुरुजींचं पुस्तक इंटरनेटवर कसं सापडलं. मी बाबांना आणते. डोळखांबच्या त्या शहाण्यालाही पुढे बसवते, पाण्यावर लिहिलं म्हणाला होता ना!” मी नाही म्हणालो, दुसरा विषय सुचवला, प्रकृतीचं कारण सांगितलं. त्या हसल्या. “एवढं मोठं काम करून लाजताय काय?”

सभेपर्यंतचे दिवस मला जेवण गेलं नाही. भाषण लिहायला बसलो की पहिलंच वाक्य अडायचं. शेवटी बायकोला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या, जुनी गोष्ट आहे. ती म्हणाली, “मला काय सांगताय? माझं पुस्तक नव्हतं ते.”

सभेत भिंतीवर मोठा पडदा होता. शेवटच्या रांगेलाही दिसत होतं. गुरुजी पहिल्या रांगेत, शेजारी बाई, पलीकडे डोळखांबचे कार्यवाह, आता केस पांढरे झालेले. मी पुस्तकाचं नाव टाइप केलं, ती ओळ पडद्यावर आली, बाईंनी ती गुरुजींना वाचून दाखवली आणि टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायची मी वाट पाहिली. मग सांगितलं. मुरबाडला लाइन बंद होती. तुम्ही पाहिलीत ती पानं फ्लॉपीवरची होती. गुरुजींचं पुस्तक मी शोधलं नव्हतं.

आधी कुणाला कळलंच नाही. कार्यवाह शेजाऱ्याला विचारत होते, “काय म्हनतात?” बाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

गुरुजींनी विचारलं, “म्हणजे त्या दिवशी यंत्र नाही म्हणालं नव्हतं?”

“नाही, गुरुजी. यंत्राला विचारलंच नव्हतं. मी म्हणालो.”

“माझी रजा मंजूर झाली होती, सर,” बाई म्हणाल्या. एवढंच. आवाज न चढवता.

मी केबलचं सांगणार होतो, प्राचार्यांचं, माझ्या तेव्हाच्या कोवळ्या वयाचं. लिहून आणलं होतं. कागद खिशातच राहू दिला, टेबलाच्या पुढे येऊन गुरुजींच्या खुर्चीजवळ उभा राहिलो आणि म्हणालो, “गुरुजी, तुम्ही पुस्तक लिहिलं होतं आणि मी ते नाही म्हणालो. तुम्हाला स्वतःचाच संशय आला तो माझ्यामुळे. तुमचे डोळे होते तेव्हा ते पुस्तक मुंबईत होतं, आणि तुम्ही तिथे जाणार होता, आणि माझ्या शब्दावर तुम्ही गेला नाहीत. ते मला भरून देता येणार नाही. परवा तुमच्या घरीसुद्धा मी खोटंच बोललो. बाई, तुम्ही माझे उपकार मानलेत तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. तुमच्या दोघांसमोर मी चुकलो. मला माफ करा.”